प्रेम नगरातील आवाजाचं समानीकरण

एका ॲम्प्लिफायरला चार यंत्रं जोडलेल्या घरात शांतता नांदत नाही. सीडी गर्जते, फोन ओरडतो, रेकॉर्ड जेमतेम बोलते आणि कॅसेट कुजबुजते. एकावरून दुसऱ्यावर गेलं की ऐकणाऱ्याच्या छातीत धस्स होतं.

झाशीच्या प्रेम नगरातले आमचे शेजारी शशिकांतराव हा अन्याय सोसणाऱ्यांतले नव्हेत. त्यांची सारी नोकरी रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीत गेली. सगळ्यांत कमजोर वॅगनला झेपेल त्या वेगानं अख्खी गाडी चालते, हा तिथला नियम त्यांनी बैठकीच्या खोलीला लावला. सगळ्यांत हळू जो बोलेल, त्याच्या बरोबरीला बाकीच्यांना खाली आणायचं. (अडाणी लोक नुसतं कॅसेटचं बटण वाढवतात.)

सगळ्यांत हळू होती सिंधूवहिनींची कॅसेट. गुरसरायचे त्यांचे वडील, आबासाहेब, तिच्यात बोलत. ते गेले; आवाज तेवढा एका फितीवर उरला. प्रमाण म्हणून तिची एकमतानं निवड झाली. (वहिनी तेव्हा आत चहा टाकत होत्या.)

मग रेल्वेच्या शिस्तीत जॉइंट इन्स्पेक्शन सुरू झालं. शशिकांतराव, मी आणि समोरचे पियूष भैया. जरा कॅसेट, जरा सीडी, रिवाइंड, पुन्हा कॅसेट, जरा फोन.

"अंकलजी, सीडी अभी भी तनिक ऊपर है," पियूष भैया म्हणाले. तनिक म्हणजे नेमकं किती, यावर दोन रविवार गेले.

वहिनी दारात आल्या. "अहो, एकदा तरी सलग लावा ना! बाबा काय सांगतायत ते ऐकू द्या की मला."

"सिंधू, ट्रायल चालू आहे. मध्ये बोललीस की लेव्हल कळत नाही." तांत्रिकदृष्ट्या हे बिनचूक होतं.

अडचण एकच आली. जुनी फीत वाजवून वाजवून झिजू लागली, तसा तिचा आवाज आणखी उतरला. मग सीडी पुन्हा वरचढ ठरे. ती दाबायची तर ताडून बघायला कॅसेट लावावीच लागे. आम्ही नेटानं सगळ्यांना खाली आणत राहिलो. अखेर कॅसेटमधून नुसती खरखर येऊ लागली आणि बाकीची तिन्ही यंत्रंही ऐकू येईनाशी झाली.

"जुळलं!" शशिकांतराव टाळी देत म्हणाले.

वहिनी मटकन खाली बसल्या आणि ढसाढसा रडल्या. शशिकांतरावांचा चेहरा उतरला. "अगं, रडू नकोस. आम्ही तिघांनी इतक्यांदा ऐकलंय, सांगतो ना ते काय म्हणत होते," असं म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पियूष भैयांकडे पाहिलं.

आम्हाला हसू नका. आबासाहेब काय सांगत होते, हे इथवर येईपर्यंत तुम्ही तरी कुठं विचारलंत?