गजालींच्या दोतोराचा सत्कार

"ही ओळ कोणी घातली?" देवकीबाईंनी हँडबिल नाकाजवळ धरून विचारले.

"महादेवसरांनी," सुविधा खुशीत म्हणाली. "बरी आसा मगो, बाई?"

ओळ अशी होती : 'बाईंकडून ज्यांना गुण आला, अशा रुग्णांसाठी पुढील दोन रांगा राखीव आहेत. त्यांनी अगत्यपूर्वक स्थानापन्न व्हावे.'

बाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला. ओळ जागच्या जागी होती. हँडबिले पेडण्याच्या बाजारात वाटून झाली होती, कोरगावच्या तिठ्यावर चिकटली होती आणि मांद्र्याला पोदेर ती सकाळच्या पावाबरोबर घरोघर देऊन आला होता.

"सुविधा, त्या रांगेत कोण बसतलो गो?"

"सगळे बसतले! अर्धो तालुको तुमच्या खोलीतसून बरो होऊन गेलो."

"म्हणूनच विचारतंय," बाई म्हणाल्या.

तालुक्याच्या दवाखान्यात मागच्या बाजूला, कपडे वाळत घालायच्या अंगणाशेजारी बाईंची खोली होती. आत ना सुई, ना गोळी, ना छातीवर ठेवायची नळी. दोन खुर्च्या आणि एक माठ. साखर का उतरत नाही, औषध रोज घेऊनही दाब का चढतो, तंबाखू सुटते आणि पुन्हा का लागते, इंजेक्शन पाहिले की धडधाकट माणूस का पळतो, या सगळ्याचे मूळ मनात कुठे अडकले आहे ते बाई नुसत्या बोलण्यातून शोधून काढत. लोक त्यांना 'गजालींची दोतोर', म्हणजे गप्पांची डॉक्टर, म्हणत. नाव थट्टेने पडले होते, पण गुण खरा होता. त्यांच्या हाताखाली शिकलेली मुले आता डिचोलीपासून काणकोणपर्यंत अशाच खोल्या चालवत होती, आणि बाई निवृत्त झाल्यावर पेडण्याची खोली सुविधाने घेतली होती.

या मुलांना बाई पहिला धडा पुस्तकातला देत नसत. "बाजारात पेशंट दिसलो तर आपण होऊन ओळख दाखवूची नाय. त्येनी हाक मारली तरच बोलूचां. नायतर सरळ फुडे बघून चलूचां."

बाईंनी स्वतः जन्मभर हेच केले. सुट्टीच्या दिवशी बाजारात त्या मान ताठ करून, नजर समोर ठेवून चालत. आणि हाक? ती कोणी मारली नाही. चारचौघांत गजालींच्या दोतोराशी बोलायचे म्हणजे आपल्यालाही काहीतरी झाले होते हे गावाला सांगणे. ज्याने खोलीत ढसाढसा रडून घेतले, तो मिरच्यांच्या ढिगाऱ्यामागे वाकून बसे. ज्यांना माहीत नव्हते ते म्हणत, "बाईंक मोठी घमेंड!"

बाईंना हे लागत असे. इतर बायकांना कोपऱ्याकोपऱ्यावर कोणीतरी विचारी, "खंय वतात गो?" त्या म्हणत, "वतंय अशीच." एवढेच. या दोन शब्दांसाठी बाईंचा जीव तरसे. आपल्याला एकदा तरी भर बाजारात कोणीतरी थांबवावे आणि कुठे निघालात म्हणून विचारावे. बरे झालेले माणूस परत येत नाही हेच आपल्या कामाचे यश, असे त्या विद्यार्थ्यांना सांगत आणि घरी येऊन एकटीच चहा करून घेत.

आता राज्यातल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने त्यांना जीवनगौरव जाहीर केला होता, केलेल्या कामासाठी आणि घडवलेल्या माणसांसाठी. बाईंना त्याचे अप्रूप नव्हते असे कोणी म्हणेल तर ते साफ खोटे आहे. नव्या साडीला त्यांनी दोनदा इस्त्री केली होती. पण त्या संघटनेची एक रीत होती. पुरस्कार मंत्र्याच्या किंवा पाहुण्याच्या हातून द्यायचा नाही, बऱ्या झालेल्या रुग्णाच्या हातून द्यायचा. महादेवसर हा सत्कार भरवणाऱ्या वाचनालयाचे अध्यक्ष आणि निवृत्त हेडमास्तर. असा रुग्ण आयत्या वेळी कुठे शोधायचा, त्यापेक्षा दोन रांगाच भराव्यात, असा त्यांनी हिशेब केला.

दुसऱ्या दिवशीपासून सुविधाकडे माणसे यायला लागली. पहिला आला सगुण, मंडप आणि खुर्च्या, म्हणजे कदेलां, भाड्याने देणारा.

"सुविधाताय, कदेलां मी फुकट घालतंय. पण माका स्वयंसेवक कर. छातीवर तो बिल्लो लाव."

"तू बस ना रे समोर, पाहुणो म्हणून!"

"समोर?" सगुणने जीभ चावली. "छे, छे. माका कितें जाल्लां समोर बसूक?"

मग मासळीवाली विनोदिनी आली. तिला चहा वाटायचा होता. मग समई लावायला एक, समई विझू नये म्हणून तिच्याजवळ उभा राहायला एक, हार आणायला तिघे, चपला राखायला दोघे. सुविधा प्रत्येकाला म्हणे, "बस रे पुढे." प्रत्येक जण म्हणे, "बसूचां नाय, काम आसा." कार्यक्रमाच्या सकाळी महादेवसरांचे बिल्ले संपले. त्यांनी जुन्या लग्नपत्रिका कापून आणखी केले.

संध्याकाळी बाई व्यासपीठावर बसल्या आणि त्यांनी समोर पाहिले. पुढच्या दोन रांगा रिकाम्या. मागच्याही जवळजवळ रिकाम्या, कारण मागे बसले तरी लोक म्हणणार, पुढे बसायची लाज वाटली म्हणून मागे बसलाय. शेवटच्या रांगेत फक्त सुविधाची सासू सुमंगला, सून काय करते ते बघायला म्हणून आलेली. आणि भिंतींना लागून, दारात, खिडक्यांपाशी, माइकच्या वायरीभोवती छातीवर बिल्ले लावलेला अख्खा तालुका उभा होता. एक खुर्ची पाच जण पुसत होते. माइक चौघांनी धरला होता.

पणजीहून आलेल्या पाहुण्यांनी महादेवसरांच्या कानात विचारले, "प्रेक्षक अजून यायचे आहेत का?"

"वाटेवर आहेत," सर म्हणाले आणि त्यांनी घाम पुसला.

बाईंनी सगळ्यांना ओळखले. हा सुईला भिऊन खिडकीतून उडी मारून पळालेला. ही नवरा गेल्यावर जेवण सोडलेली. तो, ज्याने तंबाखू दहादा सोडली आणि अकराव्यांदा खरोखरच सोडली. सगळे ठणठणीत दिसत होते. बाईंना इतका आनंद झाला की उठून प्रत्येकाच्या पाठीवर हात ठेवावा असे वाटले. पण नियम आपणच घातलेला. त्यांनी नजर समोरच्या भिंतीवरच्या घड्याळावर लावली.

विनोदिनी चहाचा कप ठेवून गेली. कपाची दांडी तेवढी तिने बाईंच्या हाताकडे वळवून ठेवली. मागोमाग सगुण आला, दुसरा कप ठेवून गेला. मग तिसरा. बघता बघता टेबल कपांनी भरले, आणि आणणारा प्रत्येक जण कप ठेवताना क्षणभर जास्तच वाकत होता. बाईंनी पहिला कप उचलून घोट घेतला. त्यात साखर नव्हती. ती कशी सोडायची हे त्यांनीच शिकवले होते.

"आता पुरस्कार," पाहुणे म्हणाले, "बऱ्या झालेल्या एखाद्या रुग्णाने वर यावे."

कोणी हलले नाही. समईजवळच्याने वात उगाच सारली. सुविधाचा संयम सुटला. तिने माइक ओढला.

"किते रे तुम्ही! बाईंनी तुमका उभे केले आणि तुमका एक खुर्ची जड जाता? एकाकय धीर ना?"

बाईंनी तिच्याकडे पाहिले, आणि लगेच घड्याळाकडे. पण तेवढे पाहणे सुविधाला पुरले. लग्न होऊन आली तेव्हा तिच्या छातीत धडधड व्हायची, सगळ्या तपासण्या बऱ्या यायच्या आणि तिला वाटायचे आपण मरणार. घरी शिवणाच्या वर्गाला जाते सांगून ती दर गुरुवारी बाईंच्या खोलीत येऊन बसे. बरी झाली, मग शिकायलाच लागली. गावाला ती बाईंची विद्यार्थिनी म्हणून ठाऊक होती. त्याआधीचे कोणाला ठाऊक नव्हते.

सुविधाने माइक खाली ठेवला, पायऱ्या उतरली आणि पहिल्या रांगेच्या मधोमध बसली.

"सुविधाताय, ऊठ," सगुण कुजबुजला. "ती कदेलां पेशंटांची."

"ठाऊक आसा माका," सुविधा मोठ्याने म्हणाली. तिचे कान लाल झाले होते.

शेवटच्या रांगेतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. सुमंगला उठली. सगळ्यांना वाटले, आता सुनेला हाताला धरून घरी नेणार. ती मधल्या वाटेने ठाम पावलांनी पुढे आली.

"सर गो पलीकडे," ती सुनेला म्हणाली, आणि शेजारी बसली. मग मान वर करून भर सभेत म्हणाली, "बाई, माका वळाखतात मगो?"

जन्मभर जिची वाट पाहिली ती हाक आली होती. आणि देवकीबाईंनी, अंगवळणी पडलेल्या सवयीने, सुमंगलाच्या डोक्यावरून पलीकडे बघत अत्यंत सभ्यपणे म्हटले, "माफ करा हां. आपण कोण?"

"कोण?" सुमंगला ताडकन उभी राहिली. "साखर उतरना म्हणून दर मंगळवारी येऊन माझ्या सुनेच्या कागाळ्यो तुमका सांगल्यो, आणि कोण?"

"माझ्यो?" सुविधा किंचाळली. "मी गुरुवारी येऊन तुमच्यो सांगताले!"

"तू? तू तर शिवणाक जाताले!"

"आणि तुम्ही भजनाक!"

सुमंगलाने सुनेला वरपासून खालपर्यंत न्याहाळले. "तरीच," ती म्हणाली, "तुका अजून गुंडी लावूक येयना."

पहिल्या हसल्या त्या देवकीबाई. मग महादेवसर, मग पाहुणे, मग भिंती आणि दारे. बाई हसता हसता रडत होत्या आणि ते लपवत नव्हत्या. "सुमंगला," त्या म्हणाल्या, "वळाखतंय गो. दोघांकय वळाखतंय."

सगुणने हातातला ट्रे खाली ठेवला. "कदेलां माझी," तो कोणालाच उद्देशून नसल्यासारखे म्हणाला, "मी बसलंय तर कोणाचा कितें गेला?" आणि दुसऱ्या रांगेत बसला. विनोदिनी त्याच्या बाजूला. बाकीच्यांनी काही बिल्ले काढले नाहीत, पण खुर्च्या पुसायचे थांबवले. पुरस्कार सासूसुनेने दोन बाजूंनी धरून दिला आणि तो देताना कोणी कुठे उभे राहायचे यावरून दोघींची थोडी बोलाचाली झाली.

दुसऱ्या दिवशी बाई पिशवी घेऊन बाजारात गेल्या. मान ताठ, नजर समोर.

"बाई, खंय वतात?" पानवाल्याच्या दुकानातून हाक आली.

बाई थांबल्या. "वतंय अशीच," त्या म्हणाल्या. पुढे पोदेराने विचारले. मग मिरच्यांच्या ढिगाऱ्यामागचा माणूस उठून उभा राहिला आणि त्यानेही विचारले. बाई प्रत्येकाजवळ थांबल्या, प्रत्येकाला सांगितले, आणि कोणालाही घाईने उत्तर दिले नाही.

मासळी बाजारात पोचल्या तेव्हा विनोदिनी रिकामी पाटी धूत होती. "बाई, इतको उशीर? बांगडे केन्नाच संपले!"

"संपूं दे गो," देवकीबाई म्हणाल्या आणि तिच्याजवळ चौथऱ्यावर बसल्या.