खिशातलं बिऱ्हाड

सुटसुटीतराव सासुरवाडीला आले ते अक्षरशः हात हलवत. लॅपटॉपसुद्धा घरीच ठेवला होता.

"माझं अख्खं ऑफिस यात आहे," निघताना त्यांनी खिशातून अंगठ्याएवढा पेनड्राइव्ह काढून बायकोला दाखवला. "कुठल्याही कॉम्प्युटरला लावायचा, काळा पडदा उघडून आदेश टाइप करायचे, की काम सुरू. माउस नको, चित्रं नकोत, एकही फालतू फाइल नाही."

"म्हणून पोरीचे चार फोटो ठेवायला नाही म्हणालास?"

"पसारा होतो गं."

'सुटसुटीतराव' हे नाव तिनंच ठेवलं होतं, ते उगाच नाही.

रावांनी नोकरी सोडून स्वतंत्रपणे घेतलेलं पहिलं काम त्या दिवशी दुपारी तीनला गिऱ्हाइकाला चालू करून दाखवायचं होतं. ते जमलं तर पुढची कामं मिळणार, नाहीतर पुन्हा जुन्या साहेबाचे पाय धरायचे. काम सासूबाईंच्या कॉम्प्युटरवरून करायचं ठरलं होतं, मागच्या खेपेला त्याची सगळी तयारीही तिथूनच केली होती. त्यामुळे राव निवांत होते. इतके निवांत, की सासूबाईंवर छाप पाडायला त्यांनी लेंगा चढवून प्रवासातले कपडे आपणच मशीनमध्ये टाकले.

मशीन फिरू लागलं तशी आतून टकटक ऐकू आली.

"बटण असेल," राव म्हणाले. मग चहाचा घोट घेताना सवयीनं हात खिशाकडे गेला आणि चेहरा पांढराफटक पडला.

धुणं संपेपर्यंत त्या मशीनचं दार उघडत नसे. राव काचेसमोर उकिडवे बसले आणि फेसातून फेऱ्या मारणारं आपलं ऑफिस बघत राहिले.

पेनड्राइव्ह बाहेर आला तो लख्ख, सुवासिक आणि मेलेला. केस वाळवायच्या यंत्रानं शेकला, फुंकर घातली, चार वेळा लावून पाहिला. कॉम्प्युटर ओळख द्यायला तयार नाही.

"दुसरी प्रत असेल ना?" बायकोनं विचारलं.

"दोन प्रती म्हणजे पसारा."

"मग सगळं नव्यानं बसव."

"कसं बसवायचं तेही त्यातच लिहिलंय. आणि गिऱ्हाइकाच्या सर्व्हरवर शिरायच्या किल्लीची फाइलपण त्यातच!"

तरी रावांनी काळा पडदा उघडून पाहिला. सुटसुटीतपणाच्या नादात त्यांनी प्रत्येक आदेश एकेका अक्षरावर आणून ठेवला होता, त्यामुळे मूळ आदेश काय होते हेच आठवेना. एक अक्षर दाबलं. असला आदेश आपल्याला ठाऊक नाही, असं कॉम्प्युटरनं कोरडेपणानं कळवलं. दोन वाजून गेले होते. रावांनी डोकं धरलं.

सासूबाई कधीच्या दारात घुटमळत होत्या.

"जावईबापू, एक सांगू? रागावणार नाही ना?"

"आता कशाचा राग, आई."

"मागच्या खेपेला तुम्ही जेवायला उठलात ना, तेव्हा मी त्यातलं सगळं इथं उतरवून घेतलं."

"सगळं? कशाला?"

"घरात कुणाचाही पेनड्राइव्ह आला की मी घेतेच उतरवून. एखादा नातीचा फोटो सापडेल म्हणून. तुम्ही दोघं पाठवत नाही ना." त्या ओशाळल्या. "तुमच्यात एकही निघाला नाही. पण पुसून टाकवेना हो. वाटलं, मलाच दिसत नसेल."

'नातीचे फोटो' नावाच्या फोल्डरात रावांचं अख्खं बिऱ्हाड किल्लीसकट सुखरूप नांदत होतं. रावांनी खुर्चीवरून उठून सासूबाईंना वाकून नमस्कार केला.

"अहो, आधी काम करा!" सासूबाई म्हणाल्या.

तीनला काम चालू झालं, गिऱ्हाईक खूश झालं आणि राव जुन्या साहेबाच्या पायांपासून वाचले.

पुढच्या खेपेला त्यांनी नवा पेनड्राइव्ह सासूबाईंच्या कॉम्प्युटरला लावला आणि भूक नसतानाही लगेच उठले.

"मी जेवून घेतो, आई. तुमचं चालू द्या."

सासूबाईंनी उघडून पाहिलं. नात रांगतेय, नात रुसलीय, नात बादलीत बसलीय. फोटो संपता संपत नव्हते. सगळ्यात खाली कोपऱ्यात एक छोटं फोल्डर होतं. त्यात रावांचं अख्खं ऑफिस होतं, आणि त्याला त्यांनी नाव दिलं होतं 'पसारा'.