देवमन मुकादमाचा नववा डोळा

देवमन मुकादमाने माझा चष्मा काढून घेतला, तेव्हा दिवस नुकताच बुडाला होता. जागा अमरावती-अकोला रस्त्यावरची, मुर्तिजापूरच्या अलीकडे, नाल्याजवळच्या वळणाची. मी अमरावतीच्या एका साप्ताहिकाचा वार्ताहर. रस्त्यावरच्या पाट्यांना दाढ्या फुटल्याचे कळले होते, म्हणून चौकशीला आलो होतो. मुकादमाने नाव विचारण्याआधी माझा चष्मा स्वतःच्या खिशात टाकला, मला पाटीपासून शंभर पावले मागे नेले आणि माझ्या कानाशी बॅटरी धरून पेटवली.

"दिसते काय?"

"तांबडं काहीतरी."

"डोये किती?"

मोजता आले नाहीत. तो पाटीकडे गेला, ती पुन्हा पुसली, परत आला. बॅटरी पुन्हा कानाशी.

"आता?"

"नऊ."

चष्मा परत मिळाला.

डोये म्हणजे धोक्याच्या पाटीवर, तांबड्या त्रिकोणात बसवलेले काचेचे मणी. मोटारीचा उजेड पडला की ते चमकतात. धूळ बसली की विझतात. देवमन रस्त्याची देखभाल करणाऱ्या टोळीचा मुकादम होता. खड्डे बुजवणे, मैलाच्या दगडांना चुना लावणे ही कामे तो टोळीला वाटून देई. पाट्या पुसण्याचे काम मात्र त्याने कोणाला दिले नाही. फडकेही ठरलेले, बायकोच्या जुन्या लुगड्याचे. "नवं कापड काचेले ओरबाडते," असे त्याचे मत होते.

बॅटरी कानाशी का, हे मी विचारले.

"उजेड जथून निंगते, तथीच वापस येते. बॅटरी हातात खाली धरली तं चमक जाते हाताकडे. हाताले डोये हायेत काय?"

बडनेऱ्याच्या बाजारातही तो वाटेवरच्या पाटीपुढे असाच, टेलिफोन धरल्यासारखी कानाशी बॅटरी लावून उभा राही. पानवाला ओरडे, "काय म्हनते दिल्ली, मुकादम?"

"तुयीच चौकशी करून राहिली," देवमन वळून न पाहता सांगे.

पाटी तपासायला त्याला साक्षीदार लागे, आणि तोही कमी दिसणारा. मोतीबिंदू झालेले एक निवृत्त मास्तर त्याला विशेष प्रिय होते. एकदा एका ट्रकवाल्याने गाडी थांबवून सांगितले, "मुकादम, मले दोन फर्लांगावून दिसते तुयी पाटी." देवमनने त्याला हाताने पुढे जायला सांगितले. "ज्याले दिसते, त्याच्यासाठी पाटी नसते, बाप्पा."

दाढ्यांची बातमी खरी निघाली. काचेला जवसाचे तेल लावले तर धूळ धरणार नाही, असे त्याला वाटले. एका दुपारी त्याने ओळीने सगळ्या पाट्या तेलाने माखल्या. दिवस वेचणीचे. कापसाने शिगोशीग भरलेल्या गाड्या रात्रभर जिनिंगकडे चाललेल्या. सकाळी एकेका पाटीवर बोटभर कापूस चिकटलेला होता.

ओव्हरसियर पुण्याचे, नवे आलेले. ते जीपमधून उतरले. "मुकादम, हे काय आहे?"

"बोंड फुटलं, साहेब," देवमन म्हणाला. "वऱ्हाडातली जमीन हाय. लोखंडालेबी कापूस येते."

साहेब हसले नाहीत. तेव्हापासून त्यांचे देवमनवर लक्ष होते.

पुढच्या उन्हाळ्यात एका ट्रकने नाल्याजवळची पाटी चेपली. तिचे मणी काढून भांडारात जमा करायचे होते. देवमनने आठ आणून दिले. नववा कुठे, हे त्याने सांगितले नाही. साहेबांनी दोनदा विचारले. मग सांगितले, की संध्याकाळपर्यंत मणी मिळाला नाही तर निलंबन. नोकरी गेली असती तर रस्त्याकडेची चौकी गेली असती. देवमन आणि त्याची बायको तिथेच राहत. त्याला मूलबाळ नव्हते.

मी त्या दिवशी साहेबांच्या कचेरीत दुसऱ्या बातमीसाठी बसलो होतो. साहेबांनी मला जीपमध्ये घेतले. चौकीवर पोचलो तेव्हा अंधार पडत होता. देवमन ओट्यावर बसला होता. तो उठून उभा राहिला.

"काहून लपवता, मुकादम?" मी विचारले. "देऊन टाका ना."

"दिला असता," तो म्हणाला. "थो कामावर हाय."

चौकीपासून विहीर पन्नासेक पावलांवर. वाटेच्या दोन्ही बाजूंना चुना लावलेले दगड, मैलाच्या दगडांसारखेच. विहिरीच्या काठालाही चुना. त्या वाटेने एक बाई येत होती. कमरेवर घागर आणि दुसऱ्या हातात बॅटरी, कानाशी धरलेली. जीप वाटेला लागूनच उभी होती, आम्ही जीपपाशी. ती आमच्या समोरून, हातभर अंतरावरून गेली. तिने आमच्याकडे पाहिले नाही.

तिची मान सरळ होती, नजर दाराच्या चौकटीकडे. मी तिच्या मागे सरकून पाहिले. चौकटीच्या वर एक तांबडा ठिपका पेटलेला होता.

"आली काय, यमुने?" देवमनने विचारले.

"आली जी. कोनी आलं काय? पेट्रोलचा वास येऊन राहिला."

"साहेब आले."

तिने घागर सांभाळत पदर डोक्यावर घेतला. तोंड आमच्या दिशेला नव्हते.

देवमन साहेबांजवळ आला. आवाज खाली होता. "दिवस बुडला का तिले दिसत नाइ. अमरावतीच्या डाक्टरले दाखवलं. त्यानं सांगतलं, नजर वापस येत नाइ. मांगच्या पावसायात इहिरीत पडता पडता वाचली. मी असतो रस्त्यावर."

 साहेबांनी यमुनाबाईंकडून बॅटरी मागून घेतली आणि विहिरीपर्यंत चालत गेले. तिथे त्यांनी आपला चष्मा काढून खिशात ठेवला. बॅटरी कानाशी धरली. दाराच्या चौकटीकडे पाहिले.

परत येऊन त्यांनी जीपच्या बॉनेटवर वही ठेवून शेरा लिहिला. तो मी वाचला. "नववा मणी जागेवर आहे. स्वच्छ आहे. रात्री दिसतो." खाली सही होती.