गाडी तेल पिते

गाडीतले ऑइल यापुढे आपण जातीने पाहायचे, असे हेडक्लार्कांनी एका सोमवारी सकाळी ठरवले. निर्णय साधा होता. घरात कुणी हरकत घेतली नाही. (हरकती नेहमी मुदत संपल्यावरच सुचतात, हा त्यांचा स्वतःचा अडतीस वर्षांचा अनुभव होता, पण तो नेमका त्या दिवशी आठवला नाही.)

हेडक्लार्क म्हणजे निवृत्त हेडक्लार्क. खुर्ची गेली तरी हुद्दा अंगाला चिकटून राहिला होता; दूधवाल्यापासून दातांच्या डॉक्टरांपर्यंत सगळे त्यांना याच नावाने हाक मारत. त्यांच्या पत्नी इस्पितळाच्या औषधखान्यात तीस वर्षे औषधे मोजून देत होत्या. त्यांना सगळे बाई म्हणत. घरातही त्या मोजूनच बोलत.

गाडी बाईंच्या थोरल्या भावाने दिलेली. दादांनी नवी गाडी घेतली आणि जुनी, लहानशी डिझेल गाडी बहिणीच्या दारात आणून उभी केली. "आठ वर्षं वापरली. चमचाभर तेल वरून घालावं लागलं नाही," असे किल्ली देताना ते म्हणाले. फुकट मिळालेल्या वस्तूत कुठेतरी खोट असलीच पाहिजे, याची नोंद हेडक्लार्कांनी तेव्हाच मनाशी करून ठेवली.

गाडीबरोबर एक जाडजूड पुस्तक आले होते. दादांनी ते आठ वर्षांत उघडले नव्हते. हेडक्लार्कांनी ते आठ दिवसांत तीनदा वाचले, तिसऱ्यांदा पट्टी घेऊन. मग पुस्तक काखेत मारून ते ऑइलच्या दुकानात गेले.

"जुनं इंजिन आहे ना, साहेब? मग जाड तेल घ्या," दुकानदार म्हणाला. "म्हाताऱ्या माणसाला कसे जाड कपडे लागतात, तसं असतं."

"पुस्तकात फाइव्ह डब्ल्यू थर्टी लिहिलंय, म्हणजे पातळ."

"पुस्तकात लिहिलेलं सगळं कुणी करतं का?"

हे वाक्य हेडक्लार्कांच्या तोंडावर आजवर कुणी म्हटले नव्हते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "मला तेच द्या. आणि हे डिझेलच्या इंजिनासाठी आहे असं डब्यावर कुठे लिहिलंय, ते दाखवा." दुकानदाराने वीस वर्षांत प्रथमच डब्याच्या पाठीमागचा बारीक मजकूर वाचला. लिहिलेले निघाले तेव्हा त्यालाच जास्त आश्चर्य वाटले.

तेल बदलले दोन गल्ल्या पलीकडच्या मिस्त्रींनी. हात काळे, जीभ सरळ, असा हा माणूस. बदलून होताच हेडक्लार्कांनी पुस्तकातले आणखी एक कलम पुढे केले. तेल दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा बदलावे. 'यांपैकी जे आधी घडेल' हे शब्द वाचून हेडक्लार्कांना गहिवरून आले होते. असे वाक्य लिहिणारा माणूस आपल्या खात्यात हवा होता, असे त्यांना वाटून गेले. पण खाली एक तळटीप होती. वापर खडतर असेल तर मुदत निम्मी.

"आपला वापर खडतर नाही ना?" त्यांनी विचारले.

"गाडी कुठे नेता, साहेब?"

"रोज दूध आणायला. रविवारी भाजीला."

"मग खडतर."

"अहो, दूध आणायला जातो मी, युद्धावर नाही!"

"इंजिन गरम व्हायच्या आत बंद करता. त्याला हेच वाईट. लांब पल्ल्याच्या गाड्या सुखात असतात. तुम्ही आपलं सहा महिन्यांनी या."

दुसऱ्याच दिवशी हेडक्लार्क परत गेले. काल सोनेरी दिसणारे तेल आज काळे पडले होते. आपल्या गाडीत वापरलेले तेल घातले, असे त्यांनी मिस्त्रींना जवळजवळ सुनावलेच. मिस्त्रींनी शांतपणे पाना खाली ठेवला.

"डिझेल आहे, साहेब. आतली काजळी तेल स्वतःच्या अंगावर घेतं. काळं पडलं म्हणजे काम करतंय."

हेडक्लार्कांनी यावर वाटभर विचार केला. काम करून काळे पडलेले कुणी त्यांनी कचेरीत पाहिले नव्हते. मात्र जे शेवटपर्यंत सोनेरी राहिले ते काम करत नसत, हे पटण्यासारखे होते. रंगाचा मुद्दा त्यांनी निकालात काढला. राहिला पातळीचा.

पुस्तकात 'तेलाची पातळी नियमित तपासावी' असे म्हटले होते. नियमित म्हणजे किती, ते म्हटले नव्हते. जिथे नियम मोघम असतो तिथे हेडक्लार्क कडक अर्थ घेत. त्यांनी दिवसातून चार वेळा ठरवले: सकाळी गाडी थंड असताना, दूध आणल्यावर गरम असताना, दुपारी निवल्यावर आणि संध्याकाळी, आधीच्या तीन आकड्यांचा मेळ लागत नाही म्हणून. इंजिनातून तेल मोजायची पट्टी काढायची, पुसायची, परत आत घालायची, काढायची, वरची खूण आणि खालची खूण यांच्यामध्ये तेल कुठवर आले ते पाहायचे, वहीत लिहायचे, पट्टी पुन्हा स्वच्छ पुसायची आणि जागेवर ठेवायची. गलिच्छ पट्टी जागेवर ठेवणे त्यांच्या स्वभावात नव्हते.

पुसायला फडके पांढरेच हवे, नऊ इंच बाय नऊ इंच. रोज नवे. आधी त्यांची जुनी बनियने संपली. मग नवी संपली. पुढचे कापड कुठून आले ते वहीत नव्हते. त्याच सुमारास बाईंनी उश्यांचे अभ्रे कमी येतात म्हणून धोबी बदलला. वापरलेली फडकी हेडक्लार्क टाकत नसत. पुरावा टाकायचा नसतो. ती घडी करून, तारखेची चिठ्ठी लावून, महिन्याच्या महिन्याला फितीने बांधून गाडीच्या शेडमधल्या लोखंडी कपाटात जात.

आणि या डोळ्यांत तेल घालून केलेल्या पहाऱ्याला लवकरच फळ आले. तेल कमी होऊ लागले. पहिल्या महिन्यात जेमतेम केसभर. तिसऱ्यात नखभर. सहाव्या महिन्याला मिस्त्रींकडे जायचे होते. पण आता तेल बदलले तर पुरावाच वाहून जाईल, म्हणून हेडक्लार्कांनी मुदत स्वतःच्या अधिकारात वाढवली. सातव्या महिन्याच्या अखेरीस तेल वरच्या खुणेवरून खालच्या खुणेपर्यंत येऊन टेकले.

गळती शोधण्यासाठी त्यांनी त्या महिन्याच्या मध्यावरच गाडीखाली वर्तमानपत्र अंथरले होते. पंधरा दिवस वर्तमानपत्र कोरे करकरीत राहिले. मग, तेल जळत असेल तर धूर निळसर येतो म्हणून, बाईंना गाडीच्या मागे उभे करून त्यांनी इंजिन चालू केले.

"धूर दिसतोय का?"

"नाही."

"निळसर?"

"अहो, धूरच नाही, तर तो निळसर कसा असेल?"

मिस्त्री बोलावले गेले. ते गाडीखाली शिरले, बाहेर आले, बॉनेटखाली वाकले, डोके खाजवले. "थेंब गळत नाही, धूर नाही. मग आतल्या आत पीत असणार. इंजिन उघडावं लागेल, साहेब. आणि उघडलेलं इंजिन पहिल्यासारखं बसेल, असं मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही."

हेडक्लार्कांच्या मनातली खोटेची नोंद टुणकन वर आली. त्यांनी त्याच संध्याकाळी मेहुण्याला पत्र लिहिले. 'विषय: आपण दिलेले वाहन तेल पीत असल्याबाबत.' सोबत वहीच्या सात महिन्यांच्या नकला जोडल्या. शेवटच्या परिच्छेदात 'ही बाब वाहन देतेवेळी आपणांस ज्ञात नव्हती असे मानणे कठीण आहे' असे एक वाक्य होते. त्या वाक्यावर ते स्वतःच बेहद्द खूश होते.

चौथ्या दिवशी दादांचा बाईंना फोन आला. बाईंनी तो निरोप औषधाचा डोस सांगावा अशा आवाजात नवऱ्याला दिला. "दादा रविवारी येतोय. गाडी घेऊन जाईल. यानंतर या घराची पायरी चढणार नाही म्हणाला."

"पण मी पुराव्यानिशी—"

"मला भाऊ एकच आहे. गाड्या पुष्कळ मिळतील."

"आणि नवरे?" हेडक्लार्क हसत म्हणाले.

बाई उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि सुरी जरा मोठ्याने चालू लागली.

रविवारी दादा आले. ते उंच, गोरे आणि रागावले की आणखी उंच दिसणारे. बाईंनी पाणी पुढे केले. त्यांनी ग्लास हातात घेतला, पण प्यायले नाहीत. हेडक्लार्कांनी तज्ज्ञ साक्षीदार म्हणून मिस्त्रींना बोलावून ठेवले होते. चौघे शेडमध्ये जमले.

"आठ वर्षं, भाऊजी," दादा म्हणाले. "आठ वर्षांत हिने तेल प्यायलं नाही. तुमच्या घरी आली आणि व्यसन लागलं?"

"मी आरोप करत नाही, दादा. मी फक्त आकडे मांडतो."

"पत्रात मला लबाड म्हटलंत तुम्ही!"

"लबाड हा शब्द पत्रात कुठेही नाही. पाहिजे तर नक्कल काढून दाखवतो."

"अहो," बाई म्हणाल्या, "नक्कल नको. तुम्ही रोज काय पाहता, ते एकदा दादाला दाखवा."

हेडक्लार्क खुलले. त्यांनी बॉनेट उघडले, पट्टी काढली, खिशातून पांढरे फडके काढून ती ऐटीत पुसली, आत बुडवली, काढली, सर्वांना दाखवली. "खालची खूण. पाहिलीत?" मग त्यांनी पट्टी पुन्हा नीट पुसून जागेवर ठेवली आणि फडक्याची घडी घातली.

"थांबा," बाई म्हणाल्या. "ते काय आहे हातात?"

"फडकं."

"त्याला माझ्या हातची वेलबुट्टी आहे. तो माझा अभ्रा आहे." त्यांचा आवाज चढला नाही, हे जास्त वाईट होते. "आणि मी त्या बिचाऱ्या धोब्याला चोर म्हटलं! बाकीचे कुठे आहेत?"

लपवण्यासारखे काही केले आहे असे हेडक्लार्कांना खरोखरच वाटत नव्हते. उलट, सात महिन्यांचे काम पाहायला आज प्रथमच प्रेक्षक मिळाले होते. त्यांनी लोखंडी कपाट उघडले. आत सात गठ्ठे ओळीने बसले होते. प्रत्येकावर महिना, प्रत्येकात तीस फडकी, सगळी काळीभोर.

मिस्त्रींनी एक गठ्ठा उचलला. हातात खालीवर केला. मग ते हेडक्लार्कांकडे, गाडीकडे आणि पुन्हा गठ्ठ्याकडे पाहू लागले.

"साहेब, दिवसातून किती वेळा पुसता?"

"चार वेळा तपासणी. प्रत्येक तपासणीला दोनदा पुसणं. एकूण आठ."

"वहिनी," मिस्त्री हळूच म्हणाले, "घरात वजनकाटा आहे का?"

बाई आधीच निघाल्या होत्या. काटा घेऊन आल्या आणि औषधखान्यात उभ्या राहाव्यात तशा शेडमधल्या टेबलासमोर उभ्या राहिल्या. पुढच्या महिन्यासाठी कापून ठेवलेली तीस कोरी फडकी त्यांनी आधी तोलली. दोनशे दहा ग्रॅम. मग एक काळा गठ्ठा. तीनशे तीस. दुसरा गठ्ठा. तीनशे तीस. हेडक्लार्क नियमित होते, हे कुणालाच नाकारता आले नसते.

"गठ्ठ्यामागे एकशे वीस ग्रॅम तेल," बाई म्हणाल्या. "सात गठ्ठे. आठशे चाळीस. तेल पाण्यापेक्षा हलकं, म्हणजे एक लिटरला जरासं कमी. मिस्त्री, पट्टीवरच्या दोन खुणांमध्ये किती मावतं?"

"एक लिटर, वहिनी. कमीजास्त."

दादांनी हातातला पाण्याचा ग्लास प्रथमच तोंडाला लावला, आणि तिथेच ठसका लागला. ते इतके हसले की मिस्त्रींना त्यांची पाठ थोपटावी लागली.

"तेल गेलं, तूप गेलं," दादा डोळे पुसत म्हणाले, "हाती फडकं आलं! भाऊजी, डोळ्यांत तेल घालून पहारा केलात, पण ते इंजिनातलंच घातलंत की हो!"

हेडक्लार्कांनी वही उघडली. चूक सापडेल अशी त्यांना अजून आशा होती. पण तिथे आठशे चाळीस तपासण्या, प्रत्येकीपुढे त्यांचीच सही. मेहुण्याला कोंडीत पकडण्यासाठी लिहिलेली वही इतकी नीटनेटकी होती की तिच्यातून खुद्द लेखकालाही निसटता येत नव्हते.

"मला माफ करा, दादा," ते म्हणाले. हे वाक्य त्यांनी पहिल्यांदाच तोंडी वापरले.

"लेखी द्या," दादा म्हणाले. आणि मग बहिणीकडे वळले. "चहा टाकतेस ना? आज जेवूनच जाणार मी."

बाई हसल्या. सात महिन्यांत पहिल्यांदाच. त्या आत गेल्या आणि सुरी पुन्हा नेहमीच्या आवाजात चालू लागली.

मिस्त्रींनी तेल बदलून दिले. सहा महिन्यांची मुदत तशीही उलटून गेलीच होती. हेडक्लार्कांचा प्रत्येक गोष्ट कागदावर हवी हा आग्रह त्यांना ठाऊक होता, म्हणून त्यांनी जॉबकार्डही भरले. 'तक्रार: गाडी तेल पिते. तपासणी: पीत नाही. उपाय: तेल दर सहा महिन्यांनी बदलावे. मालक बदलता आल्यास उत्तम.' खाली सहीची जागा होती. जागा रिकामी राहू नये म्हणून हेडक्लार्कांनी सही केली.

बाईंनीही एक चिठ्ठी लिहून बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटवली. 'पंधरा दिवसांतून एकदा. सकाळी, गाडी थंड असताना. जुन्या फडक्याने.' अभ्र्यांच्या कपाटाची किल्ली त्या दिवसापासून बाईंच्या कमरेला गेली. जुना धोबी परत आला; त्याला काय सांगून आणला ते हेडक्लार्कांना कळू दिले नाही.

तीन महिने झाले. तेल केसभरही हलले नाही. हेडक्लार्कही कसे निवांत, समाधानी दिसत. सकाळी शेडमध्ये जरा वेळ जात आणि हात स्वच्छ ठेवून परत येत. बाईंना बरे वाटले.

मग एका रविवारी भाजीला निघताना गाडी एका अंगाला कलल्यासारखी वाटली. बाई खाली उतरून पाहू लागल्या. चारही टायर बसलेले होते, मागचे डावे तर अगदीच. तेवढ्यात पुढच्या चाकाशी ओणवून बसलेल्या नवऱ्याच्या हातात चकाकते काहीतरी दिसले आणि बारीक आवाज आला: फुस्स.

"अहो, हे काय?"

"हवा मोजण्याचं यंत्र," हेडक्लार्क उठत म्हणाले. त्यांच्या काखेत कोरी नवी वही होती आणि वहीत अर्धा लिहिलेला एक कागद. "दिवसातून चार वेळा मोजतो. बरं झालं मोजतो म्हणून. तुला सांगणारच होतो, पण दादांना आधी कळवावं म्हटलं."

बाईंनी कागद ओढून घेतला. 'विषय: आपण दिलेल्या वाहनाचे टायर हवा पीत असल्याबाबत.'