रेघेवरचे मोघेकाका

या सोसायटीत राहायला आलो त्या पहिल्याच दिवशी एका माणसानं मला बाद ठरवलं. सामानाच्या टेंपोमागून स्कूटर हाकत कोथरूडला पोहोचलो होतो, घामाघूम झालो होतो. पार्किंगमध्ये गाडी स्टँडला लावून वळतोय तोच मागून खणखणीत आवाज आला, "आउट!"

पाहतो तर पांढरा शर्ट, पांढरी पँट, पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट, वय पंचाहत्तरीच्या पुढचं, आणि डावा हात खांद्यातून सरळ बाजूला ताणलेला. मला वाटलं, हे गृहस्थ मला गेटचा रस्ता दाखवतायत. मी नम्रपणे म्हणालो, "अहो, मी आजपासून इथंच राहायला आलोय."

"माणूस आत आहे," ते म्हणाले. "मागचं चाक बाहेर आहे."

हे दिगंबर मोघे. माझ्या समोरच्या दाराचे शेजारी. नोकरी त्यांनी एका सरकारी खात्यात केली, पण तो त्यांचा जोडधंदा. खरं काम रविवारचं. पुण्यात कुठंही टेनिसची स्पर्धा असली की मोघे तिथं लाइन्समन. रेघेच्या टोकाला गुडघ्यांवर हात ठेवून वाकून उभं राहायचं आणि चेंडू रेघेबाहेर पडला की ओरडायचं. आत पडला तर मात्र ओरडायचं नाही. दोन्ही तळवे जमिनीकडे करून गप्प राहायचं. आयुष्याची उमेदीची वर्षं हे केल्यावर ते हातातून सुटत नाही. भाजीवालीच्या टोपलीतला मऊ टोमॅटो आउट, लिफ्टमध्ये शिरलेला जादा माणूस आउट, वार्षिक सभेत विषय सोडून बोलणारे सेक्रेटरी आउट. सेक्रेटरी तेव्हापासून बसून बोलतात.

आमच्या मीनानं, म्हणजे माझ्या बायकोनं, एकदा त्यांना साबुदाण्याची खिचडी पाठवली. दुसऱ्या दिवशी जिन्यात विचारलं, कशी झाली होती? काकांनी दोन्ही तळवे खाली केले आणि गप्प राहिले. मीनाला वाटलं, बास, पुन्हा नको. तिनं डबा पाठवणं बंद केलं. बऱ्याच चतुर्थ्या कोरड्या गेल्यावर काका स्वतः दारात उभे. "खिचडीचं काय झालं? मी तर 'आत' दिली होती."

मे महिना सरत आला की काकांच्या घराला दोन वेळापत्रकं लागायची. संध्याकाळी पॅरिसचं लाल मातीवरचं टेनिस आणि सकाळी अमेरिकेतल्या बास्केटबॉलचे प्लेऑफ. टेनिसचं समजू शकत होतो. बहुतेक ठिकाणी आता रेघेवर माणसं नसतात, यंत्रं निकाल देतात. पॅरिसला मात्र अजून माणसं वाकून उभी राहतात. काका खेळाडूंकडे कमी आणि त्या माणसांकडे जास्त बघायचे. "तो बघा कोपऱ्यातला, गुडघा दुखतोय त्याचा," असं म्हणायचे आणि स्वतःचा गुडघा चोळायचे.

पण बास्केटबॉल? मी एकदा विचारलं तर उत्तर मिळालं, "टेनिस म्हणजे परीक्षा, साठे. हरलात, बॅग उचला, घरी जा. प्लेऑफ म्हणजे नातेवाईक. एकाच संघाशी पुन्हा पुन्हा खेळायचं. आज कितीही भांडलात तरी परवा सकाळी पुन्हा त्याच तोंडासमोर उभं राहायचंय." संघांची नावं ते घेत नसत. पिवळे, हिरवे, काळे. आणि ते नेहमी ज्यांचा रंग लाकडी मैदानावर उठून दिसेल त्यांच्याच बाजूनं असत. मी मीनाला म्हणालो, या वयात म्हाताऱ्याला काय हौस आहे बघ. माणसं ओळखण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

खरं काय ते एका सकाळी कळलं. त्यांचा पेपर चुकून आमच्या दारात पडला होता, तो द्यायला गेलो. दार उघडंच होतं. टीव्हीवर सामना चालू होता आणि काका खुर्चीत बसून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे एकटक बघत होते. मी विनोद केला, "काका, टीव्ही इकडे आहे."

त्यांनी आवाज बंद केला. "दार लावा. बसा."

डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजला होता. दोन्ही डोळ्यांचा. सुया घेऊन झाल्या होत्या, डॉक्टरांनी आता आहे तेवढं जपा म्हटलं होतं. "कडेचं दिसतं," काका म्हणाले, "ज्याच्याकडे बघावं तेवढंच दिसत नाही." म्हणून काही बघायचं तर त्यांना दुसरीकडे बघावं लागे. सोसायटीत त्यांना शिष्ट म्हणायचे, माणसाकडे बघून बोलत नाहीत म्हणून. मीही म्हणायचो. वर्षभर ते माझ्या कानाकडे बघून बोलत होते आणि मी संकोचून कानावरचे केस कापून घेतले होते.

"बास्केटबॉलचा चेंडू मोठा असतो," ते म्हणाले. "नारिंगी असतो. मान तिरकी केली की अजून गवसतो. टेनिसचा गेला." गेला हा शब्द माणसाबद्दल म्हणावा तसा त्यांनी म्हटला. मी उगीच पेपरची घडी घालत बसलो.

मग त्यांनी मला अट घातली: हे या दाराबाहेर जाता कामा नये. त्यांची मुलगी मुक्ता बंगळूरला असते. काकू गेल्यापासून ती त्यांना तिकडे चला म्हणत होती आणि ते टोलवत होते. डोळ्यांचं तिला कळलं की एकट्यानं राहणं संपलं. "तिथं मी कोण? बाराव्या मजल्यावरचे मुक्ताचे बाबा. इथं खाली उतरलो तर निदान चार माणसं नाव घेऊन शिव्या घालतात." मुक्ता दर वर्षी मे अखेर येते. तेवढे दिवस निभावले की पुढचं वर्ष आपलं.

तर अशा रीतीनं, ज्याला टेनिसमधलं 'ट' कळत नाही अशा माणसाची काकांचे डोळे म्हणून नेमणूक झाली. गुण त्यांना कळायचे. पॅरिसचा पंच फ्रेंचमध्ये पुकारतो आणि काकांना ते आकडे पाठ होते. समालोचकांचा उपयोग नव्हता. टेनिसवाले खेळ चालू असताना सभ्यपणे गप्प बसतात, आणि बास्केटबॉलवाले तोंडात गरम भजी धरल्यासारखे बोलतात. काकांना हवं होतं एवढंच: चेंडू कुठं पडला.

मी पहिल्या संध्याकाळी जीव तोडून सांगितलं. जवळच्यानं मारला, लांबच्यानं जाळ्यात घातला, जवळच्याचा बाहेर गेला. बऱ्याच वेळानं काका शांतपणे म्हणाले, "साठे, हे दोघं मधूनमधून बाजू बदलतात, हे आपल्या कानावर आहे का?" नव्हतं. तोवर मी अर्ध्या सामन्यात एकाचं कर्तृत्व दुसऱ्याच्या नावावर जमा केलं होतं. काका म्हणाले, तरीच मला वाटलं, हा मुलगा आज स्वतःविरुद्धच इतका चांगला का खेळतोय.

हे त्यांनी हसून सोडलं. रागावले ते वेगळ्याच गोष्टीवर. मी मोबाइलवर मीनाचा मेसेज वाचत होतो आणि काकांनी विचारलं, कुठं पडला? मी ठोकून दिलं, "आत." त्यांनी तत्काळ टीव्ही बंद केला. टीव्हीतल्या माणसानं 'आउट' ओरडलेलं त्यांनी ऐकलं होतं. "चुकलात तर चालेल," ते म्हणाले. "सगळे चुकतात. पण बघितलं नाहीत आणि सांगितलंत, हे नाही चालायचं. त्यापेक्षा घरी जा." मी, अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, खरंच घरी गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनीच बेल वाजवली. पिवळे आणि काळे समोरासमोर होते आणि त्यांना चहाबरोबर कुणीतरी हवं होतं.

मुक्ता आली. चाळिशीची, बोलण्यात बापाचाच कोरडेपणा. पहिल्याच दिवशी तिनं मला जिन्यात गाठलं. "साठेकाका, बाबा बरे आहेत ना?" मी एकदम उत्तम म्हणालो. इतक्या जोरात म्हणालो की खालच्या मजल्यावरचा कुत्रा भुंकला.

तिच्यासमोर बोलून सांगायची सोय नव्हती, म्हणून आम्ही खुणा ठरवल्या. खोकलो तर आत, नाक ओढलं तर बाहेर. योजना नामी होती. फक्त आदल्या दिवशी मी मीनाचं न ऐकता आमरसावर गार पाणी ढोसलं होतं. त्या संध्याकाळी मला खराखुरा खोकला झाला आणि काकांच्या हिशेबानं पॅरिसमधला प्रत्येक चेंडू आत पडू लागला. शेवटी मुक्तानं मला आल्याचा काढा करून दिला. दोन दिवस तो पिऊन मी कामावर परत रुजू झालो. स्वयंपाकघरात डबे कुठं ते काकांना हातांना पाठ होतं, जिना पायांना पाठ होता. सगळं निभत होतं. तिच्या जायला दोन दिवस उरले होते.

त्या संध्याकाळी ती आमच्यात येऊन बसली. ताटलीत कापलेला आंबा होता. सामना अटीतटीचा चालला होता. एक चेंडू मागच्या रेघेजवळ पडला, लाइन्समननं हात ताणला, खेळाडू वाद घालू लागला आणि पंच उंच खुर्चीवरून उतरून मातीतला ठसा बघायला निघाला. पडद्यावर ठसा मोठा करून दाखवला. रेघेला चिकटला होता, म्हणजे आत, स्पष्ट. मी खोकलो.

मुक्ता हसून म्हणाली, लहानपणी ती पंचाच्या खुर्चीखाली लिमलेटची गोळी चघळत बसायची, आणि घरी येताना स्कूटरवर बाबांना मागून विचारायची, तो खरंच बाहेर होता का. मग ती त्यांच्याकडे वळली. "सांगा बाबा. आत की बाहेर?"

तिला काही ताडून बघायचं नव्हतं. तिला फक्त स्कूटरवरची ती गंमत हवी होती. ताडून बघायला विचारलं असतं तर काका खोटं बोलून गेले असते, असं मला अजून वाटतं. मी पुन्हा खोकलो. एक शब्द बोलायचा होता. तो बरोबरही होता.

काकांनी दोन्ही हात उचलले आणि डोळ्यांवर धरले.

मला वाटलं, ते रडतायत. मी धडपडत उठलो, पाण्याचा तांब्या शोधला, तो आंब्याच्या ताटलीवर लवंडला. मुक्ता जागची हलली नाही. तिचा चेहरा पार उतरला होता.

"पाणी नकोय त्यांना," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "लाइन्समनच्या मध्ये कुणी आलं, चेंडू दिसलाच नाही, तर असे हात धरतात. म्हणजे मी सांगू शकत नाही, खुर्चीवरच्यानं ठरवावं." मग जरा थांबून, "बाबांना असं करताना मी कधी पाहिलं नव्हतं."

तिनं काय ठरवलं ते सांगून टाकतो. पाऊसकाळ सुरू व्हायच्या आत काका बंगळूरला गेले. त्यांनी एका शब्दानं वाद घातला नाही. पंचाशी वाद घालणं त्यांना ठाऊक नव्हतं. आमच्या पार्किंगमध्ये आता गाड्या कशाही लावतात, माझीही त्यात असते. प्लेऑफचा शेवटचा सामना मी एकट्यानं पाहिला, पिवळे हरले.

पण त्या संध्याकाळी ती लगेच काहीच ठरवू शकली नाही. मी टीव्हीचा आवाज बंद केला होता आणि जमीन पुसत होतो, कारण उठून जावं की थांबावं ते मला कळत नव्हतं.

"चेंडू केव्हापासून दिसत नाही?" तिनं विचारलं.

काकांनी हात खाली घेतले. "चेंडूचं राहू दे गं," ते म्हणाले. "त्या दिवशी तू आलीस, मी दार उघडलं, तर तू दिसली नाहीस. क्षणभर वाटलं, कुणी कुरिअरवाली आहे. बोललीस तेव्हा कळलं."

मुक्तानं वेताची खुर्ची ओढली आणि त्यांच्या अगदी समोर बसली. काकांनी तिला बघण्यासाठी मान खिडकीकडे वळवली.

"केस कापलेत मी," ती म्हणाली. "खांद्यापर्यंत आहेत. पुढं पांढरे झालेत, रंगवत नाही."

"हं."

"चष्मा लागलाय. गोल आहे. तुम्हाला नसता आवडला."

"अजून?"

"जाड झालेय थोडी." तिनं चष्मा काढला. "आणि हनुवटी आईसारखी होत चाललीय, सगळे म्हणतात."

काकांनी मान आणखी थोडी तिरकी केली.

"कशी ते सांग," ते म्हणाले. "सावकाश सांग."