दोन वर्तुळांतली अंबाबाई

रामाकोन्याच्या शाळेत सातवीला गणित शिकवणाऱ्या मोतीराम गुरुजींना सत्याऐंशी साली सरकारी घरकुलांसाठी गावातली यादी करायला सांगितली, आणि तिथेच घोटाळा झाला. भूमिहीन कोण आणि बेघर कोण, एवढंच कळवायचं होतं. पण गुरुजींच्या डोक्यात नुकतेच शिकवलेले संच घोळत होते. त्यांनी कागदावर एकमेकांत शिरलेली दोन वर्तुळं काढली. एकात भूमिहीन, दुसऱ्यात बेघर. ज्यांना शेतही नाही आणि घरही नाही, अशी अकरा नावं मधल्या भागात आली. त्यांत गुरुजींची विधवा आत्या अंबाबाईही होती. ती दुसऱ्याच्या संत्र्याच्या बगीच्यात तुराट्यांच्या खोपटात राहायची. खाली गुरुजींनी सुबक अक्षरात लिहिलं, 'मधल्यांना घरं आधी द्यावीत.'

पंधरा दिवसांनी सौंसरच्या तहसील ऑफिसातून यादी परत आली. मधली अकराही नावं लाल शाईनं खोडलेली.

गुरुजींनी पहिली बस धरली आणि तिथले कारकून भाऊराव बाबू यांचं टेबल गाठलं.

"बाबूजी, हे नावं काऊन काटले?"

"डबल आले ना गुरुजी! एक माणूस दोन्ही गोलात? ऑडिटवाले माहा जीव घेतीन."

"डबल नाई हो. ते दोन्हीत हायेत, म्हून तं त्याइले जास्त गरज हाय."

"तुमचं गणित शाळेत ठेवा. माह्या रजिस्टरात एका माणसाले एकच खाना. कोन्या गोलात टाकू, ते ज्याचं त्याले विचारून या. अंगठ्यासंगं."

गुरुजी तसेच आत्याच्या खोपटाशी आले.

"आत्या, एकच सांगाचं हाय. तू भूमिहीन की बेघर?"

अंबाबाईनं नीट विचार केला. "खोपट तं हाय ना रे मले. मंग बेघर कशी? खोटं कायले सांगू? जमीन नाई, तेच लिव."

तिचं पाहून बाकीच्या दहा जणांनीही तेच सांगितलं.

महिन्याभरानं हुकूम आला: घरं फक्त बेघरांना. बेघरांच्या वर्तुळात आता तिघंच उरले होते, गावातले बडे बागायतदार भगवंतराव यांचे तीन मुलगे. चौसोपी घर बापाच्या नावावर, बगीचे पोरांच्या नावावर. कागदावर तिघंही बेघर. गुरुजींनीच ती नावं नियमाप्रमाणे, इमानदारीनं लिहिली होती.

गुरुजींनी तक्रार केली. उत्तर आलं, 'अंबाबाईंनी आपण बेघर नसल्याबद्दल स्वतः अंगठा दिलेला आहे.'

उन्हाळ्यात एका सकाळी आत्या गुरुजींच्या दारात उभी राहिली. डोक्यावर चुंबळ, लुगड्यावर विटांची लाल माती.

"मोतीराम, तुह्या गोलानं लय चांगलं केलं बाबा."

"काय केलं आत्या?"

"भगवंतरावाच्या पोराइचे घरं बांधून राहिले ना! मले विटा वाहाले बोलावलं. दोन महिने काम हाय."

त्यांचा उतरलेला चेहरा पाहून आत्याला कणव आली.

"तुहंही नाव सांगून ठेवू काय? शाळेले तं सुट्ट्याच हायेत."