चोपडे कंट्रोलरचे सम्राट

अश्शूरचा राजा सन्हेरीब यरुशलेमवर चालून निघतो, तेव्हा तो फलाट क्रमांक तीनवरून सुटतो. हे बायबलात नाही. हे आमच्या शेजारच्या चोपडे कंट्रोलरांकडे आहे.

"प्रवाशांनी लक्ष द्यावं," असं ते नाकातून सुरू करतात आणि संडे स्कूलची पोरं हातातली बिस्किटं खाली ठेवतात. "निनवेहून आलेली, लाखीशमार्गे यरुशलेमकडे जाणारी सन्हेरीब राजाची स्वारी फलाट क्रमांक तीनवर लागत आहे." पुढे राजा वेढा घालतो, रात्री देवदूत येतो आणि सकाळी छावणीत उठायला कुणी शिल्लक राहत नाही. चोपडे ते एका दमात उरकतात. "मुक्कामी गाडी होती. सकाळी एक पॅसेंजर उठला न्हाय."

शमुवेल चोपडे एसटीत वाहतूक नियंत्रक होते. सगळी नोकरी स्टँडवरच्या काचेच्या खोलीत माइकपुढे गेली. निवृत्त झाल्यावर चर्चनं त्यांना रविवारी मुलांना गोष्टी सांगायचं काम दिलं, बहुधा मोठ्यांच्या सभेत तरी गप्प बसतील या आशेनं. चोपड्यांनी सगळं जुनं जग वेळापत्रकावर घेतलं. मेंढरं, मासे, चांगला शेजारी वगैरे मवाळ गोष्टी ते दुसऱ्या बाईंवर सोपवतात. त्यांना लागतात ते जग जिंकायला निघालेले राजे. बाबेलचा, म्हणजे बॅबिलॉनचा, नबुखद्नेस्सर गर्वानं वेडा होतो आणि गुरासारखं गवत खातो, ती त्यांच्या लेखी सात वर्षांची बिनपगारी रजा. यहूदी लोकांची एक जुनी कथा त्यांना चर्चमध्ये आलेल्या कुठल्याशा पाहुण्या पाळकांनी सांगितली होती. सिकंदर फौज घेऊन यरुशलेमला येतो, पांढऱ्या कपड्यांतला म्हातारा याजक समोर येताना पाहतो, आणि एवढा जगज्जेता घोड्यावरून उतरून त्याच्यापुढे वाकतो. चोपड्यांच्या हिशेबी सिकंदराला तिथे थांबा नव्हताच. "विनंती थांबा," म्हणतात.

मला हे सगळं ठाऊक, कारण या राजांना कपडे मी पुरवते. शाहूपुरीत नाटकाचे पोशाख भाड्यानं द्यायचं माझं दुकान आहे. आमच्या देव्हाऱ्यात अंबाबाई, पण बाबेलच्या राजांची नावं मला पाठ आहेत. धंदा माणसाला नको ते शिकवतो.

बादशहाचा बरा म्हणावा असा एकच पोशाख माझ्याकडे आहे, हिरवा जरीचा. पोटावर उशी बांधली की अफझलखान, सोडली की औरंगजेब. चोपडे दर डिसेंबरला चर्चच्या नाताळच्या नाटकासाठी येतात आणि तो उलटासुलटा करून माझा अपमान करतात.

"वहिनी, ह्यो औरंगजेब हाय. मला बाबेल पायजे."

"कुरळी दाढी लावा. बाबेल होईल."

"आणि टोपी?"

"उलटी घाला."

घालतात. गेली कित्येक वर्षं बाबेलचं साम्राज्य माझ्या उलट्या टोपीवर चाललं आहे.

नाटकात राजा तेच असतात. दुसऱ्या कुणाला द्यायचा प्रश्नच येत नाही, कारण नबुखद्नेस्सरासारखा, मूर्तीपुढे न वाकलेली माणसं भट्टीत टाकायचा हुकूम सोडायला जो आवाज लागतो तो चर्चमध्ये फक्त त्यांच्याकडे आहे. गल्लीतही तोच चालतो. स्कूटर कुठल्या भिंतीला लावायची, दूधवाल्यानं कुठल्या बाजूनं शिरायचं, सगळं त्यांनी ठरवून दिलेलं. त्यांच्या बायको मार्थाबाई होत्या तोवर निदान अपील करता यायचं. त्या गेल्या आणि तेही बंद झालं.

मग मुलीनं, रूथनं, गडहिंग्लजच्या एका जैन मुलाशी लग्न ठरवलं. धान्याचं दुकान, सरळ मुलगा, कांदासुद्धा खात नाही. चोपड्यांनी फाटकात उभं राहून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा स्टँडच्या आवाजात जाहीर केलं, की ही पोरगी आता गेली, ती या फाटकातून परत आत यायची नाही. रूथनं बॅग उचलली. "बरं, आप्पा," एवढंच म्हणाली. आवाज तिचाही बापावरच गेला आहे, पण तिनं तो वापरला नाही.

लहानपणी रूथ माझ्याच दुकानातले पंख लावून देवदूत व्हायची. मला मावशी म्हणते. तिला मुलगा झाला, त्याचे फोटो माझ्या फोनवर येतात. चोपडे दुकानात आले की मी फोटो उघडून फोन काउंटरवर ठेवते आणि आत कपडे बघायला जाते. बाहेर येते तेव्हा चोपडे छताच्या पंख्याकडे बघत असतात आणि फोनवर पोराचा चेहरा बोटांनी मोठा केलेला असतो. यावर आम्ही कधी काही बोललो नाही. बोलायचं काय? पंख्याला काही झालं नव्हतं.

यंदा ते आले आणि नबुखद्नेस्सर नको म्हणाले. कोरेश पाहिजे.

कोरेश हा पारसाचा, म्हणजे इराणचा राजा. त्यानं बाबेल जिंकलं, आणि बाबेलनं धरून आणलेल्या यहूदी लोकांना सांगितलं, जा आपापल्या गावी. संपली गोष्ट. नाटकाला हा राजा अगदीच बिनकामाचा. वेढा नाही, भट्टी नाही, वेड लागत नाही, गवत खात नाही. चर्चच्या कमिटीचंही तेच म्हणणं होतं, पोरांना भट्टी आवडते. चोपडे हटले नाहीत.

"बाकीच्या राजांनी लोकं नुसती उचलून न्हेली," ते मला म्हणाले. "परतीची गाडी ह्यानं एकट्यानं सोडली की, वहिनी."

मग पंख्याकडे बघत म्हणाले, की कार्यक्रमाचा निरोप माझ्या फोनवरून कुणाकुणाला द्यायचा असला तर त्यांची काही हरकत नाही. कुणाकुणाला म्हणजे, असं मी विचारलं. त्यावर त्यांनी टोपी यंदा सरळ घालणार असल्याचं सांगितलं.

मी निरोप पाठवला.

चर्चचा हॉल भरला होता. कोरेश राजा प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, खुर्चीवर माझी लाल शाल. समोर यहूदी पोरं गाठोडी घेऊन रांगेत. राजानं हुकूम सुनावायचा, पोरांनी उजवीकडून जायचं, मग केक. हुकूम चांगला झाला, फक्त तो संपेना. दाराकडे डोळे लावून चोपडे गावं वाढवत निघाले. यरुशलेमला जाणाऱ्यांनी जावं, बेथलेहेमला जाणाऱ्यांनी जावं, यरीहोला जाणाऱ्यांनी जावं. यहूदातली गावं संपली, तसे ते कागलवर आले, मग निपाणी, मग संकेश्वर, आणि शेवटी गडहिंग्लज. हॉल हसून लोळला. एका यहूद्याला रडू फुटलं. दार एकदा उघडलं, ते चहावाल्यासाठी. अखेर पाळकांनीच पडदा ओढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चोपडे पोशाख परत करायला आले. जरीच्या अंगरख्याची त्यांनी नीट घडी घातली होती. हे त्यांनी याआधी कधी केलं नव्हतं.

मी रूथला फोन केला होता. ती जे बोलली ते मी जसंच्या तसं सांगून टाकलं. खोटं रचायला मला वेळ नसतो. ती म्हणाली होती, "बोलावलं कुणी, मावशी? तुम्ही का आप्पांनी?"

चोपड्यांनी घडी काउंटरवर ठेवली, पण हात वरून काढला नाही.

"आणखी एक दिवस ठिवू का?"

"कशाला?"

"गडहिंग्लजला जाऊन येतो."

"दाढी लावून?"

"साध्या कपड्यांत मला जमायचं न्हाय, वहिनी."

मी पोशाख त्यांच्या हाताखालून ओढून घेतला. पोर घाबरेल, आणि कपडा दुसरीकडे द्यायचा आहे, असं सांगितलं. दोन्ही खरं होतं.

ते अर्ध्या बाह्यांच्या शर्टात तसेच उभे राहिले. अश्शूर, बाबेल, पारस, सगळ्यांच्या वतीनं बोललेल्या त्या माणसानं मला विचारलं, "मग तितं गेल्यावर म्हणायचं काय?"

"पाणी मागा."

"नुसतं पाणी?"

"नुसतं पाणी."

त्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं. पायऱ्या उतरले. मग पुन्हा दोन पायऱ्या वर आले.

"आणि न्हाय दिलं तर?"

हा त्यांचा आवाज मी इतक्या वर्षांत ऐकला नव्हता. शेजारच्या दुकानातसुद्धा गेला नसता.

"परत मागा," मी म्हटलं, आणि दाढ्या विंचरायला घेतल्या.